रॅकेटचा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो

"डॉक्टर, बॅडमिंटन खेळलं तर चालेल का?" साखर, रक्तदाब किंवा वाढलेलं पोट घेऊन येणारे रुग्ण हा प्रश्न नेहमी विचारतात. मी हो म्हटलं की लगेच दुसरा प्रश्न येतो, "मग रॅकेट कोणती घेऊ?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येतं. दुसऱ्याचं देता येत नाही, कारण ते उत्तर तुमच्या कोपरात, मनगटात आणि खांद्यात असतं, आणि ते तिथून कसं काढून घ्यायचं हे कोणी सांगत नाही.

पूर्णा-नांदेड रेल्वेमार्गावरच्या चुडाव्यासारख्या गावात दहा-बारा रॅकेट मांडून ठेवलेलं खेळाचं दुकान नसतं. रॅकेट घ्यायची तर नांदेड गाठायचं, परभणीला जायचं, नाहीतर मोबाईलवरून मागवायची. हातात धरून चार फटके मारून पाहण्याची सोय बहुतेकांना मिळत नाही. मग निवड होते ती फोटो, किंमत आणि टीव्हीवर कोणाच्या हातात पाहिली यावरून. महिन्याभराने कोपर दुखायला लागतं, रॅकेट खुंटीला लागते आणि चालण्या-खेळण्याचा लागलेला चांगला नाद सुटतो. डॉक्टर म्हणून मला वाईट वाटतं ते या शेवटच्या गोष्टीचं. रॅकेटचे पैसे पुन्हा मिळवता येतील. चाळिशीनंतर लागलेली व्यायामाची सवय एकदा तुटली की पुन्हा लागायला फार कष्ट पडतात.

म्हणून माझं मत सुरुवातीलाच सांगतो. हौशी खेळाडूने रॅकेट निवडताना तिचं नाव आणि किंमत झाकून ठेवावी, आणि पसंती-नापसंतीचा निकाल मैदानावर न देता दुसऱ्या दिवशी सकाळी द्यावा. असं का म्हणतो आणि ते करायचं कसं, हे आता पाहू.

हात दुखतो म्हणजे नेमकं काय होतं?

बॅडमिंटनमध्ये हाताचं सगळ्यात जास्त दिसणारं दुखणं म्हणजे टेनिस एल्बो. नाव टेनिसचं असलं तरी हे दुखणं होणाऱ्यांपैकी बहुतेकांनी टेनिसची रॅकेट कधी हातात धरलेली नसते. प्रौढ माणसांमध्ये शंभरात एक ते तीन जणांना ते असतं आणि पस्तिशी ते पन्नाशी हे त्याचं आवडतं वय. आपल्या भागात खुरपणी करणाऱ्या, हाताने धार काढणाऱ्या, धुणं पिळणाऱ्या बायकांना आणि दिवसभर पाना-पेचकस चालवणाऱ्या मेकॅनिकला ते होतं. कारण सगळीकडे एकच आहे.

हात पालथा धरून मनगट वर उचला. त्याच वेळी दुसऱ्या हाताने कोपराच्या बाहेरच्या बाजूचं हाड चाचपून पाहा. मनगट वर उचलणारे स्नायू त्या छोट्याशा उंचवट्याला एका जाड दोरीसारख्या पट्टीने बांधलेले असतात. या पट्टीला आपण कंडरा म्हणतो. तुम्ही एखादी वस्तू घट्ट पकडता तेव्हा मनगट स्थिर ठेवण्याचं काम याच स्नायूंकडे असतं. म्हणजे नुसती मूठ आवळली तरी ताण त्या हाडावरच्या चिमूटभर जागेवर जातो. रोज थोडा ताण आला तर कंडरा त्याला सरावते आणि मजबूत होते. पण वीस वर्षं न खेळलेला माणूस पहिल्याच आठवड्यात रोज दोन तास बॅकहॅन्ड मारू लागला, तर तिला दुरुस्तीला वेळ मिळत नाही आणि ती हळूहळू खराब होते.

मनगट आणि खांदा यांचंही असंच आहे. अपर्णा पोपट यांनी १९९८ ते २००६ अशी सलग नऊ वर्षं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, आणि त्याच २००६ मध्ये मनगटाच्या दुखापतीमुळे त्यांना स्पर्धात्मक खेळ थांबवावा लागला. त्यांच्यासारख्या कसलेल्या खेळाडूचं मनगट कुरकुर करू शकतं, तर आपण ऑफिसातून किंवा शेतातून थेट मैदानात उतरणाऱ्यांनी जरा जपूनच राहायला हवं.

आता लक्षात येईल की या दुखण्यात रॅकेटचा वाटा किती आणि खेळण्याच्या पद्धतीचा किती. मोठा वाटा अचानक वाढवलेल्या खेळाचा आणि घट्ट आवळलेल्या मुठीचा असतो. रॅकेटचा वाटा त्यानंतरचा आहे. पण तो वाटा आपल्या हातात आहे, आणि पैसे मोजून आपण तो वाढवूही शकतो किंवा कमीही करू शकतो.

रॅकेटवरचे आकडे कसे वाचायचे

वजन. रॅकेटच्या मुठीजवळ किंवा दांडीवर ३-यू, ४-यू, ५-यू असं काहीतरी छापलेलं असतं. योनेक्सच्या पद्धतीत ३-यू म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम, ४-यू म्हणजे ८० ते ८४ आणि ५-यू म्हणजे ७५ ते ७९ ग्रॅम. आकडा वाढला की वजन कमी होतं, हे उलटं गणित लक्षात ठेवा. दोन वर्गांतला फरक साधारण पाच ग्रॅमचा, म्हणजे एका फुलाच्या वजनाइतका असतो. नियमाप्रमाणे फूल ४.७४ ते ५.५० ग्रॅमचं असावं लागतं.

तोल. एवढासा फरक हाताला का जाणवतो? कारण वजन किती आहे यापेक्षा ते कुठे आहे याला महत्त्व असतं. हातोडा दांड्याच्या टोकाला धरून मनगटाने हलवून पाहा, मग लोखंडी डोक्याजवळ धरून हलवा. वजन तेच, पण दुसऱ्या वेळी तो खेळण्यासारखा वाटतो. रॅकेटचंही तसंच. ती आडवी करून एका बोटावर तोला. तोलाचा बिंदू मुठीच्या खालच्या टोकापासून साधारण २९ सेंटीमीटरच्या आसपास आला तर रॅकेट समतोल आहे. तो ३० सेंटीमीटरपर्यंत किंवा पुढे गेला तर डोक्याकडे जड, आणि २८ च्या आत आला तर डोक्याकडे हलकी. डोक्याकडे जड असलेल्या रॅकेटने जोरात फटका बसतो, पण ती फिरवायला आणि फिरवून थांबवायला हाताला जास्त काम पडतं. हे थांबवण्याचं काम खांद्यामागचे लहान स्नायू करतात आणि दुखतातही तेच.

एक घरगुती प्रयोग करा. मुठीवर पाच ग्रॅमची एक ओव्हरग्रिप चढवा. रॅकेटचं एकूण वजन वाढतं, पण तोलाचा बिंदू सुमारे एक सेंटीमीटर मुठीकडे सरकतो आणि रॅकेट हातात हलकी वाटू लागते. नवी रॅकेट घेण्याआधी शंभर-दीडशे रुपयांचा हा बदल करून पाहावा.

दांडीचा ताठपणा. एका हातात मूठ आणि दुसऱ्या हातात वरची चौकट धरून दांडी हलकेच वाकवा. लवचीक दांडी फटक्याच्या वेळी किंचित वाकते आणि सरळ होताना फुलाला थोडा जोर देते. ताठ दांडी नेमकी असते, पण तिच्यातून जोर काढायला तुमचा हात वेगाने फिरावा लागतो. आठवड्यातून तीन संध्याकाळी खेळणाऱ्याला मध्यम किंवा लवचीक दांडी बरी पडते. व्यावसायिक खेळाडूची ताठ, डोक्याकडे जड रॅकेट त्याच्या दहा-पंधरा वर्षांच्या स्नायूंसाठी घडवलेली असते. ती आपण घेणं म्हणजे शर्यतीचा बैल भाड्याने आणून घरची पाळी घालण्यासारखं आहे.

गटिंग. माझ्या मते हौशी खेळाडूच्या हाताशी सगळ्यात जास्त संबंध याचा आहे आणि सगळ्यात कमी चर्चाही याचीच होते. तारेचा ताण पाउंडात मोजतात. ताण जास्त असेल तर फूल नेमकं जातं, पण तारांच्या मधली 'गोड जागा' लहान होते. फटका जरा बाजूला बसला तर हादरा सरळ हातात येतो आणि फूलही मागच्या रेषेपर्यंत पोहोचत नाही. मग आपण आणखी जोर लावतो. ताण कमी असेल तर तारा पलंगाच्या नवारीसारख्या फुलाला उचलून देतात. सुरुवात करणाऱ्याने किंवा हात दुखत असलेल्याने २० ते २२ पाउंडांच्या आसपास गटिंग करून घ्यावं. "मला २८ लावून द्या" असं सांगण्यात कसलीही शान नाही.

मूठ. मुठीची जाडी प्रत्येकाची वेगळी. योनेक्सच्या पद्धतीत जी-५ ही जी-४ पेक्षा बारीक असते. बोटं वळवून पकडल्यावर बोटांची टोकं तळव्यात रुतू नयेत, आणि पकडायला फार फाकावीही लागू नयेत, एवढा अंदाज सुरुवातीला पुरे. जाडीपेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे पकड निसरडी असता कामा नये. घामाने गुळगुळीत झालेली ग्रिप सुटू नये म्हणून आपण नकळत मूठ आवळतो आणि कोपरावरचा ताण वाढवतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ग्रिप लवकर खराब होते. ती वेळेवर बदला.

इथे एक कौटुंबिक गोष्ट बोलतो. घरात नवी रॅकेट आली की जुनी, जाड मुठीची, सैल तारांची रॅकेट घरातल्या बाईच्या किंवा मुलाच्या वाट्याला येते. ज्यांचा हात सगळ्यात लहान त्यांना सगळ्यात अवघड रॅकेट! पैसे एकाच नव्या रॅकेटचे असतील, तर ती हलकी घ्या आणि लहान हाताला द्या.

किंमत आपल्याला काय भासवते

आता मूळ अडचणीकडे येऊ. महागडी रॅकेट हातात घेतली की फटका चांगला बसतोय असं खरोखरच वाटतं. हा खोटेपणा नाही, मेंदूचा स्वभाव आहे.

२००८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. ८२ जणांना मनगटावर विजेचे सौम्य झटके देऊन वेदना मोजली. मग सगळ्यांना एक 'नवी वेदनाशामक गोळी' दिली. निम्म्यांना सांगितलं की गोळीची किंमत अडीच डॉलर आहे. उरलेल्यांना सांगितलं की ती सवलतीत दहा सेंटला मिळते. प्रत्यक्षात दोन्ही गोळ्या औषध नसलेल्या, सारख्याच होत्या. महाग गोळी घेतलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांना वेदना कमी झाल्याचं जाणवलं. स्वस्त गोळीवाल्यांमध्ये हे प्रमाण ६१ टक्के होतं. फरक फक्त किमतीच्या चिठ्ठीचा!

जी गोष्ट वेदनेची, ती फटक्याची का नसावी? दुकानात दोन फटके हवेत मारून "वा, काय फील आहे" म्हणणाऱ्याचा हात बोलतोय की किमतीची चिठ्ठी, हे त्यालाही सांगता येणार नाही. म्हणूनच नवं औषध तपासताना रुग्णाला, आणि शक्य असेल तर डॉक्टरलाही, कोणाला काय दिलंय ते कळू देत नाहीत. आपल्याला हीच युक्ती रॅकेटला लावायची आहे.

याचा अर्थ सगळ्या रॅकेट सारख्या असा मात्र नाही. चौकट आणि दांडी वेगळी करून सांध्याने जोडलेली जत्रेतली स्टीलची जोडी आणि एकसंध ग्रॅफाइटची रॅकेट यांत फरक आहेच, आणि तो डोळे मिटूनही कळतो. आठवड्यातून दोन-तीनदा खेळणार असाल तर ग्रॅफाइटची घ्या. माझी शंका त्याच्या पुढच्या पायऱ्यांबद्दल आहे. दोन-अडीच हजारांची आणि पंधरा हजारांची, यांतला फरक तुमच्या-माझ्या हाताला नावाशिवाय ओळखू येतो का? येत असेल तर खुशाल घ्या. पण आधी पडताळा.

सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर यांनी १९५६ मध्ये क्वालालंपूरला आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली, तेव्हा असं यश मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. तो काळ लाकडी रॅकेटचा होता. त्या आजच्या रॅकेटपेक्षा बऱ्याच जड असत आणि दमट हवेत वाकू नयेत म्हणून स्क्रू लावलेल्या लाकडी चौकटीत आवळून ठेवाव्या लागत. नाटेकर मात्र ओळखले गेले ते हळुवार, फसव्या फटक्यांसाठी.

आंधळी चाचणी: पहिली फेरी

यासाठी नवी रॅकेट विकत घेऊ नका. सोबत खेळणाऱ्यांच्या तीन रॅकेट दोन संध्याकाळींसाठी मागून घ्या. मग असं करा:

१. तिन्हींवर सारखीच नवी ओव्हरग्रिप चढवा. तारेचा ताण वेगवेगळा असेल तर तो कागदावर लिहून ठेवा. नाहीतर तुम्ही रॅकेटची तुलना करताय असं समजाल आणि प्रत्यक्षात गटिंगची तुलना कराल.

२. नावं आणि चिन्हं कागदी चिकटपट्टीने झाका. जखमेच्या पट्टीला लावतो ती पांढरी टेप चालेल. तिन्हींना सारख्याच लांबीची लावा आणि क, ख, ग अशी अक्षरं द्या. कोणती कोणाची हे मित्राने लिहून स्वतःकडे ठेवावं. रंगावरून ओळखता येत असेल तर निदान किंमत तरी आधी शोधू नका.

३. फूल सगळ्या फेऱ्यांना एकाच प्रकारचं वापरा. नायलॉनच्या फुलांच्या टोपीवर रंगीत पट्टी असते: हिरवी म्हणजे हळू, निळी मध्यम, लाल वेगवान. उष्ण हवा विरळ असते, त्यामुळे फूल जास्त लांब जातं, म्हणून आपल्याकडे उन्हाळ्यात हिरवी पट्टी बरी. उघड्या मैदानावर खेळत असाल तर वारा पडलेला असताना चाचणी करा. वाऱ्यात सगळ्याच रॅकेट वाईट ठरतात.

४. आधी दहा मिनिटं अंग गरम करा. मग प्रत्येक रॅकेटने ठरावीक फटके मारा: मागच्या रेषेवरून दहा उंच फटके, दहा बॅकहॅन्ड, दहा ड्रॉप, दहा सर्व्हिस. किती फटके हवे तिथे पडले ते मित्राने मोजावं. हाताला कसं वाटलं याचे दहापैकी गुण तुम्ही द्या.

५. तीन-चार दिवसांनी हेच सगळं उलट्या क्रमाने करा. पहिल्या दिवशी शेवटी आलेली रॅकेट दमलेल्या हातात आली होती, तिच्यावर अन्याय नको. आदल्या दिवशीचे गुण पाहू नका.

आता दोन्ही दिवसांचे कागद शेजारी ठेवा. 'क' रॅकेटला सोमवारी आठ आणि गुरुवारी पाच गुण दिले असतील, तर तुमचा स्वतःचाच काटा तीन गुणांनी हलतो. मग 'क' आणि 'ख' यांच्यातला एका गुणाचा फरक हा फरकच नाही. रक्तदाब एकदा १३८ आणि एकदा १३२ आला म्हणून आम्ही औषध बदलत नाही, त्यातलाच हा प्रकार. दोन्ही दिवशी जी ठळकपणे खाली राहिली ती बाद करा. उरलेल्या दोन पुढच्या फेरीत.

दुसरी फेरी: सकाळची परीक्षा

एकाच संध्याकाळी तीन रॅकेटने खेळून दुसऱ्या दिवशी हात दुखला, तर दोष कोणाचा ते कळणार नाही. म्हणून आता एका संध्याकाळी एकच रॅकेट, तासभर, नेहमीचा खेळ. मग दोन दिवस विश्रांती आणि नंतर दुसरी रॅकेट.

प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी, कामाला लागण्याआधी, एवढं करून पाहा:

- ओला टॉवेल दोन्ही हातांनी घट्ट पिळा.
- पाण्याने भरलेला तांब्या वरून काठाला धरून, तळहात खाली ठेवून उचला.
- घट्ट बसलेलं बरणीचं झाकण उघडा.
- हात डोक्यावर नेऊन केस विंचरा.
- कोपराच्या बाहेरच्या हाडावर अंगठ्याने दाबा.

प्रत्येकाला शून्य ते दहा असे दुखण्याचे गुण द्या. शून्य म्हणजे काहीच नाही.

दंडात किंवा पोटरीत पसरलेला, ठणका नसलेला, दोन-तीन दिवसांत जाणारा आंबलेपणा ही नव्या व्यायामाची पावती आहे. त्याला घाबरू नका. हाडावर बोट ठेवून "इथेच" असं दाखवता येणारं दुखणं, पिळताना किंवा तांब्या उचलताना येणारी कळ, ही कंडरेची तक्रार आहे. ज्या रॅकेटनंतर ही कळ आली ती तुमची रॅकेट नाही, मग मैदानावर तिने कितीही स्मॅश जिंकून दिलेले असोत.

दोन्ही रॅकेट सकाळी सारख्याच निर्दोष ठरल्या तर? मग चिकटपट्टी काढा, किमती पाहा आणि स्वस्त घ्या. वाचलेल्या पैशांचं काय करायचं तेही सांगतो.

वाचलेले पैसे पायात घाला

रॅकेटवर पंधरा हजार आणि पायात झिजलेली चप्पल किंवा मऊ, जाड तळव्याचे पळण्याचे बूट, हे मला मान्य नाही. बॅडमिंटनमध्ये माणूस आडवा धावतो, पुढे झेपावतो, गर्रकन वळतो. पळण्याचे उंच तळव्याचे बूट अशा वेळी बाजूला कलंडतात आणि घोटा मुरगळतो. सपाट तळव्याचे, बाजूंनी पाय घट्ट धरणारे कोर्टचे बूट घ्या. मधुमेह असेल तर खेळून आल्यावर तळवे रोज पाहा. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर फोड दुखत नाही आणि जखम चिघळल्यावरच लक्षात येते.

टाचेच्या मागच्या कंडरेचंही ऐका. तिशी-चाळिशीतला माणूस झेप घेतो आणि "मागून कोणीतरी लाथ मारली" असं वाटून वळून पाहतो. मागे कोणी नसतं, कंडरा तुटलेली असते. हे 'चमक भरली' म्हणून चोळत बसण्याचं दुखणं नव्हे, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. दुहेरीत पुढे उभं असताना मागच्या साथीदाराकडे वळून पाहू नका. सात्विकसाईराज रंकीरेड्डीच्या स्मॅशचा वेग २०२३ मध्ये ताशी ५६५ किलोमीटर नोंदला गेला. आपल्या मैदानावर तेवढा वेग नसतो, पण फुलाची टोपी डोळ्याच्या खोबणीत बसेल एवढीच असते.

हात दुखलाच तर

पहिली गोष्ट, खेळण्याआधी दुखण्याची गोळी घेऊन उतरू नका. गोळी इशारा बंद करते, ताण तसाच राहतो. शिवाय रक्तदाब, मूत्रपिंड किंवा पोटाचा त्रास असणाऱ्यांना या गोळ्या महागात पडू शकतात.

दुसरी गोष्ट, "डॉक्टर, एक इंजेक्शन मारून टाका" हा आग्रह सोडा. टेनिस एल्बोमध्ये स्टेरॉइडच्या इंजेक्शनने पहिले काही आठवडे खूप आराम पडतो हे खरं. पण इंजेक्शन घेतलेले रुग्ण वर्षभराने न घेतलेल्यांपेक्षा मागे राहतात आणि त्यांचं दुखणं जास्त वेळा उलटतं, असं एकाहून अधिक चांगल्या अभ्यासांत दिसलं आहे. बहुतेकांचं दुखणं ताण कमी करून आणि व्यायामाने काही महिन्यांत ते वर्षभरात बरं होतं. धीर धरावा लागतो, एवढीच त्याची किंमत.

व्यायाम सोपा आहे. टेबलावर कोपरापासून हात टेकवा, तळहात खाली, पंजा कडेबाहेर. हातात अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली धरा. दुसऱ्या हाताच्या मदतीने मनगट वर उचला आणि मग मदत काढून घेऊन तीन-चार सेकंदांत सावकाश खाली सोडा. दहा ते पंधरा वेळा, असे तीन फेरे, रोज. थोडं दुखलं तर चालेल, दहापैकी तीन-चारच्या वर जाऊ देऊ नका. बाटली जड वाटली तर रिकामी करत न्या.

बोटांना मुंग्या येणं, पकड सुटणं, रात्री झोपमोड करणारी वेदना, सांध्याला सूज, किंवा महिना-दीड महिन्यात काहीच फरक नसणं, यांपैकी काही असेल तर तपासून घ्या. आणि एक गोष्ट कधीच विसरू नका. खेळताना, जिने चढताना किंवा भराभर चालताना हातात, जबड्यात किंवा छातीत जडपणा येतो आणि थांबलं की जातो, तर ते रॅकेटचं दुखणं समजू नका. तुम्ही उजव्या हाताने खेळता आणि दुखतो डावा हात, तर खेळ तिथेच थांबवा आणि आधी हृदयाची तपासणी करा. थांबूनही दुखणं गेलं नाही, घाम फुटला किंवा दम लागला, तर घरी न जाता थेट रुग्णालय गाठा.

तर रॅकेट कोणती घ्यायची? पुढच्या आठवड्यात तीन मित्रांच्या तीन रॅकेट मागा, त्यांच्यावर पांढरी टेप लावा आणि खेळा. जिच्यासोबत तासभर खेळूनही दुसऱ्या दिवशी टॉवेल पिळताना तुम्हाला तिची आठवण येणार नाही, ती घ्या.